पाच संध्याकाळच्या कडक भाकऱ्या

आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जेवणं असतात. बर्फात गोठवलेली, डब्यातली, तयार. राजमा-भात, मटर पुलाव, दाल खिचडी, पालक पनीर, आणि पराठ्यांचा एक जाड गठ्ठा. माझी सून ज्योती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे, मुलगा औषधांच्या कंपनीसाठी गावोगाव फिरतो. दोघंही दिवे लागून तास झाल्यावर घरी येतात आणि आल्या आल्या सोफ्यावर बसतात ते उठत नाहीत. बायको होती तोवर गोष्ट वेगळी होती. आता रविवारी ज्योती त्या मोठ्या दुकानात जाते तेव्हा मला बरोबर नेते आणि काचेच्या झाकणाच्या थंडगार पेटीपुढं उभी राहून विचारते, "मामा, या आठवड्याला काय काय घ्यायचं?" मी निवडतो. यातलं मला आता बऱ्यापैकी कळतं. डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, चित्रात कोथिंबीर असते, डब्यात नसते. रश्श्याचं जेवण बर्फातून बाहेर आलं तरी चव धरून राहतं, कोरड्या जेवणाची चव राहत नाही. राजमा चांगला, छोले चांगले. बटाटा असलेलं काही घेऊ नये, बटाट्याचा स्पंज होतो. भातावर चमचाभर पाणी शिंपडायचं, गरम करायचं मशीन अर्ध्यात थांबवून एकदा ढवळायचं, नाहीतर कडेला चटका आणि मधे बर्फाचा खडा. वर शेंगाची चटणी टाकली की कसलंही जेवण सोलापूरचं होतं. आणि पाच दिवसांत एक चव दोनदा येऊ द्यायची नाही. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं ज्ञान पुष्कळ झालं.

अशी पाच संध्याकाळच्या जेवणांची वाटणी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सोळा वर्षांचा होतो. ती आमच्या घरात भिंतीवर खळीनं चिकटवलेली होती, माझ्या बहिणीच्या अक्षरात. त्या वाटणीविषयी मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमची दीड खोली होती. पुढं अवघी एक खोली आणि मागं चुलीपुरती जागा. दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने, त्यामुळं दिवसभर घराची जमीनसुद्धा खडखड हलायची. पाण्याच्या तांब्यात बघितलं तर पाणी थरथरताना दिसायचं. रविवारी माग बंद असले की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं, घरात एकमेकांशी बोलताना आपलाच आवाज मोठा वाटायचा. गल्लीत तेलुगू, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी. आई अक्कलकोटकडची, तिला आम्ही अव्वा म्हणायचो. ती विड्या वळायची. दिवसभर कारखान्यात वळायची आणि संध्याकाळी घरी आली की दुसऱ्या दिवसाची भिजलेली पानं पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून कातरत बसायची. तिच्या अंगाला तंबाखूचा वास इतका मुरलेला होता की मला तो वास आईचाच वाटायचा. वडील, म्हणजे अप्पा, गेले तेव्हा मी चौथीत होतो. मी शाळा सोडली, आधी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला लागलो, मग मागावर उभा राहिलो. माझ्याहून दीड वर्षानं मोठी बहीण महादेवी, तिला मी अक्का म्हणतो, ती शिकत राहिली, कारण ती हुशार होती आणि मुलींच्या शाळेत फी नव्हती.

हे मला टोचत होतं का? आता विचारलं तर म्हणेन, होय, टोचत होतं. तेव्हा विचारलं असतं तर विचारणाऱ्याच्या अंगावर गेलो असतो. मी घरात पगार आणणारा माणूस होतो. अव्वा मला आधी वाढायची, भाकरीचा पापुद्रा फुगलेला असेल तर तो माझ्या ताटात पडायचा. संध्याकाळी सहाला माग थांबला की कानात घूं असा आवाज घेऊन मी घरी यायचो, केसांत सुताची तूस, हाताला तेल. अक्का चुलीपुढं बसलेली असायची आणि तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात यायची. वर तेल, शेंगाची चटणी, हातानं फोडलेला कांदा, कधी आमटी. आमच्या त्या घरात सुख म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते माझं होतं.

अक्का मॅट्रिकला गेली त्या वर्षी तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला घरी शिकवायला बोलावलं. फुकट. शनिवार-रविवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ, गणित आणि इंग्रजी. बाई एकट्या राहायच्या, नवी पेठेच्या मागं. त्यांनी अक्काला सांगितलं होतं, तू पास हो, मास्तरणीच्या ट्रेनिंगला मी तुला घालते, राहण्याखाण्याची सोय तिथंच आहे. अक्कानं हे अव्वाला सांगितलं तेव्हा मी अंघोळ करत होतो, मला सगळं ऐकू आलं. पानं कातरता कातरता अव्वा म्हणाली, "अगं पण रातच्याला चुलीपुढं कोण बसंल? माजे हात हितं अडकल्यात. आणि शिवा भुकंला लई कच्चा हाय."

"त्याचं मी बघते की," अक्का म्हणाली.

तिनं काय बघितलं ते सांगतो. आमच्याकडं कडक भाकरी करतात. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळून भाकरी कागदासारखी पातळ थापायची, त्यावर तीळ दाबायचे, तव्यावर भाजून मग चुलीच्या कडेला निखाऱ्यांसमोर उभी करायची आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवायची नाही. पापडासारखी होते. महिनाभर टिकते. ती प्रवासाला न्यायची, शेतावर न्यायची, पाहुण्याला बांधून द्यायची. रोज संध्याकाळी घरात बसून खायची गोष्ट ती नव्हती. अक्कानं एका रविवारी पहाटे चूल पेटवली आणि दुपारी तीनपर्यंत ती उठली नाही. चाळीस भाकऱ्या. शेंगाची चटणी, जवसाची चटणी, तळलेल्या सांडग्या मिरच्या, दह्याला विरजण. टोपलीत धुतलेलं लुगडं अंथरून त्यात भाकऱ्या उभ्या रचल्या. मग वहीचं पान फाडून लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. सोमवार, भाकरी, शेंगाची चटणी, दही. मंगळवार, भाकरी चुरून वर तेल, तिखट, कांदा. बुधवार, ताकात कुस्करून, सांडगी मिरची. गुरुवार, जवसाची चटणी आणि सकाळची आमटी. शुक्रवार, शिवाला आवडेल ते. शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

सोमवारी मी आलो तेव्हा घरात ती नव्हती. ताट झाकून ठेवलेलं होतं. मी खाल्लं, आणि खरं लिहायचं तर मला आवडलं. कुडकुड आवाज, तिळाचा वास, दही गोड लागलेलं. मी सहा भाकऱ्या खाल्ल्या. अक्का नऊच्या सुमारास आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की जणू कुणीतरी आतून दिवा लावलाय. अव्वाला म्हणाली, "आज समीकरणं झाली." अव्वाला समीकरण म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती हसली.

मंगळवारी माग सुटल्यावर मी आणि नरसय्या बरोबर निघालो. नरसय्या माझ्या शेजारच्या मागावर होता, वयानं मोठा, तोंडाचा फटकळ, आमच्याच गल्लीतला. कोपऱ्यावर पाचसहा जण विडी ओढत उभे होते. नरसय्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे शिवा, काल तुज्या घरातनं धूर न्हाय दिसला. आजबी न्हाय. कोण गेलं काय रे?"

"कोण जाईल?" मी म्हणालो.

"मग सुतक कुणाचं पाळताय? चूल बंद म्हंजे एक तर मयत, न्हायतर कमावणारा न्हाय. तू तर जित्ता दिसतोयस!"

सगळे हसले. दुसरा एक जण म्हणाला, "आरं, त्याची भन शिकाया जातीया. हा पापड खाऊन झोपतोय."

आमच्या गल्लीत हे असंच होतं. संध्याकाळी कुणाच्या छपरातून धूर निघतो आणि कुणाच्या नाही हे बायकाच नव्हे, पुरुषही बघायचे. मेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणून देतात. माझ्या घरावर त्यांनी ती खूण लावली. मी घरी गेलो, झाकलेलं ताट उघडलं. चुरलेली भाकरी, तेल, कांदा. मी ते ताट तसंच झाकलं.

बुधवारी अक्कानं क्लासला निघण्याआधी ताकात कुस्करून ठेवलं होतं. मी माग लवकर सोडून आलो आणि दारात तिला गाठलं. "मला ताजी भाकरी पायजे," मी म्हणालो.

"आज ताक हाय की. तुला आवडतंय."

"मी काय गावाला निघालोय व्हय, कडक भाकरी खायाला? दिवसभर मागाफुडं हुबा ऱ्हातो मी. चूल पेटली पायजे."

"पेटव की मग," अक्का म्हणाली आणि हसली. तिला ती थट्टा वाटली. "तांब्याभर पाणी आणि दोन मुठी पीठ. थाप की. कोण नको म्हनलंय?"

ती गेली. मी जेवलो नाही. त्या रात्री नाही, गुरुवारी सकाळी नाही, दुपारचा डबा मी मागाच्या खाली तसाच ठेवला. नुसता चहा प्यायलो. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. अव्वा येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवायची, त्या हाताला तंबाखू. "घास तरी खा रं बाळा. मशीनवर चक्कर आली मंजे?" भूक दुसऱ्या दिवशी लागते, तिसऱ्या दिवशी लागत नाही, डोकं हलकं होतं आणि माणसाला आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागतं. मी जिंकत होतो, ते मला अव्वाच्या श्वासावरून कळत होतं.

शुक्रवारी अक्का क्लासहून आली तेव्हा अव्वा पानं बाजूला ठेवून बसली होती. असं ती कधी बसायची नाही. "महादेवी," ती म्हणाली, "आता जायाचं न्हाय."

"अव्वा, परीक्षेला दोन महिनं ऱ्हायल्यात."

"तो पडला तर तुजी परीक्षा काय चाटायची? पगार त्याचा हाय."

अक्का माझ्याकडं वळली. मी भिंतीकडंच बघत होतो. मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल, आणि मी तयारीत होतो. ती म्हणाली, "शिवा, एवढंच सांग. सोमवारी तुला आवडली होती का न्हाय?"

मी म्हणालो, "न्हाय."

तिनं चूल पेटवली. पीठ काढलं. मला अजूनही तो थापायचा आवाज ऐकू येतो, मागांच्या खडखडीतूनही वेगळा ऐकू यायचा तो. मी चार गरम भाकऱ्या खाल्ल्या. टोपलीत उरलेल्या कडक भाकऱ्या टाकल्या नाहीत, आमच्यात अन्न टाकत नाहीत. पुढचे पंधरा दिवस आम्ही तिघं त्या सकाळी चहात बुडवून खात होतो. मीही खात होतो.

आठवडाभरानं बाई घरी आल्या. पांढरं पातळ, छत्री, पायात चपला. दारातच उभ्या राहिल्या, कारण मी त्यांना आत या म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं डोकं वाया घालवू नका. संध्याकाळचं जेवण मी माझ्या घरून पाठवते हवं तर." मी म्हणालो, "आमच्या घरचं आमी बघू बाई. आमाला कुणी जेवण धाडायची गरज न्हाय. हितं कुणी मेलेलं न्हाय." हे वाक्य मी तेव्हा फार थाटात बोललो होतो. आत अक्का उभी होती.

अक्का गणितात आणि इंग्रजीत नापास झाली. पुन्हा बसली नाही. वर्षभरात कुर्डुवाडीला दिली, नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, घरात खाणारी नऊ माणसं. लग्नात मी कर्ता म्हणून फेटा बांधून उभा होतो.

आता उलटं बघा. बायको गेल्यावर मुलाच्या घरी आलो, ज्योतीनं पहिल्यांदा तो बर्फातला डबा गरम करून पुढं ठेवला, तेव्हा माझं जुनं डोकं जागं झालं. मी म्हटलं, "मी असलं खात नाही." आणि उपाशी झोपलो. ज्योती म्हणाली, "बरं मामा, भूक लागली की सांगा." तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं, ती बारा तास उभी राहून आली होती. सकाळी दोघं कामाला गेले. दुपारी घरात मी आणि फ्रीजचा गुर्र आवाज. उपाशी बसायलासुद्धा समोर बघणारं माणूस लागतं. तीन वाजता मी स्वतः उठलो आणि तो पुलाव गरम केला. मधे बर्फ होता, तसाच खाल्ला. त्या दिवशी मला कळलं की सोळाव्या वर्षी त्या तीन दिवसांत माझ्या अंगात जो जोर होता तो माझा नव्हता, अव्वाच्या मायेचा होता. मी तो अक्कावर वापरला.

या हिवाळ्यात मी कुर्डुवाडीला गेलो. अक्काचा नवरा केव्हाच गेला. पोराची बायको सोडून गेलेली, तो रेल्वेत पाळीनं कामाला, आणि पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेली बाई रोज संध्याकाळी त्याच्यासाठी भाकऱ्या थापते, हे माझ्या कानावर आलं होतं. मनगटं सुजलेली, बोटं वाकडी. मी ज्योतीला न विचारता रविवारी स्वतः पाच डबे निवडले. पाच संध्याकाळचे, एक चव दोनदा येणार नाही असे. वर्तमानपत्रात गुंडाळले, टॉवेलात बांधले, पिशवीत घातले आणि सकाळच्या गाडीत बसलो. मोहोळ येईस्तोवर पिशवी ओली झाली. माढ्यापाशी पाणी माझ्या धोतरावर गळत होतं. समोरची बाई म्हणाली, "आजोबा, मासं हाईत का काय?"

अक्कानं डबे हातात घेतले, उलटेपालटे केले. चष्मा लावला. डब्यामागं बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं. मला त्यातलं एक अक्षर येत नाही, मी चित्रं आणि ज्योतीनं सांगितलेली मिनिटं लक्षात ठेवतो. अक्का बोट ठेवून वाचायला लागली. सावकाश, पण न अडखळता. "एम्प्टी द कन्टेन्ट्स इन अ पॅन. म्हंजे आतलं समदं कढईत वतायचं." पुढं वाचलं, मनाशी अर्थ लावला. "एकदा वितळलं की परत गोठवायचं न्हाय म्हणं. हे तर वितळलंय की रे शिवा. पाच दिवसांचं आजच खाया लागतंय." आणि हसली.

मी म्हणालो, "तुला अजून वाचाया येतंय."

"येतंय की. कुटं जाईल?"

मी काहीतरी बोलायला आलो होतो. गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं. "अक्का, बाईंचा तो क्लास," एवढंच निघालं.

"बाई जाऊन लई वरसं झाली," ती म्हणाली. डब्यांकडंच बघत होती. "ब्येस हाय हे. घरात कुणी नसलं तरी जेवण तयार. आमच्या वक्ताला असतं तर..." तिनं ते वाक्य तिथंच सोडलं. मग डबे एकावर एक रचून म्हणाली, "पोरगं आल्यावर खाईल हे. तुला असलं चालत न्हाय, मला ठावं हाय. तुला काय करू?"

मी गेली तीन वर्षं रोज हेच खातो. सोमवारी पुलाव, मंगळवारी राजमा. हे तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की ज्या गरम भाकरीच्या हट्टापायी तिचं सगळं गेलं, तो हट्टसुद्धा माझ्याकडं आता उरलेला नाही. तिनं आजवर निदान एवढं तरी धरून ठेवलं असेल की भावाला दुसरं चालतच नव्हतं. मी तिच्या बोटांकडं बघितलं. सुजून ती हळकुंडांसारखी झालेली होती.

"दोन भाकऱ्या टाक," मी म्हणालो. "गरम."

ती भिंतीला हात लावून उठली. मी बसूनच राहिलो.